ती नणंद कुठं गेली?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मैत्रिणींना नाही. ज्यांच्या देखत ते घडलं त्या माझ्या माहेरच्या माणसांशी तर यावर एक शब्दही कधी झालेला नाही. तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असलात, तर अंबरनाथच्या व्याख्यानांना पुढच्या रांगेत बसणारी, पाहुण्यांना चहा हवा की कॉफी हे विचारत फिरणारी बाई म्हणूनच ओळखत असाल. त्या बाईबद्दलच सांगायचं आहे.

सरळ सांगून टाकावं, असं ठरवून बसले होते. जमत नाहीये. आधी थोडं लेखकांबद्दल बोलू? तेवढं मला न अडखळता बोलता येतं.

मला लेखक बघायला आवडतात. वाचायला आवडतातच, पण बघायलाही. लोक म्हणतात, पुस्तक वाचलं ना, मग माणूस कशाला बघायचा? मला हे कधी पटलं नाही. ज्या माणसानं आपल्याला अख्खी दुपार रडवलं, तो पाणी कसा पितो, चष्मा कुठं ठेवतो, हातात शाल आणि नारळ एकदम आल्यावर त्याची कशी त्रेधा उडते — हे बघावंसं वाटत नाही तुम्हाला? एक कथाकार होते, ते बोलायला उभे राहिले की मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवायचे आणि मग त्याच्याकडं ढुंकूनही न बघता बोलत राहायचे. एक कवी कविता म्हणताना आवाज इतका खाली आणायचे की सगळा हॉल पुढं झुकायचा. एका कादंबरीकारांनी आल्या आल्या माइकला, पंख्याला, परिचय करून देणाऱ्याला — सगळ्यांना नावं ठेवली. माझं डोकंच फिरलं होतं. मग ते त्यांच्या आईबद्दल बोलायला लागले आणि मी त्यांना सगळं माफ केलं.

आमच्याकडचे कार्यक्रम म्हणजे शाळेचा हॉल, भाड्याच्या खुर्च्या आणि मागच्या भिंतीवर विज्ञान प्रदर्शनाचे राहून गेलेले तक्ते. त्या वर्षांत लोडशेडिंग होतं, त्यामुळे व्याख्यानाची वेळ पाहुण्यांच्या नाही, वीजमंडळाच्या सोयीनं ठरायची. परिचय करून देणारा माणूस पाहुण्याच्या जन्मगावापासून सुरू व्हायचा. तरी त्या सतरंज्यांच्या आणि उदबत्तीच्या वासात बसलं की मला वाटायचं, आपण कुठंतरी पोचलोय. 

कारण तेव्हा माझ्या शेजारी वहिनी असायची.

आमचं घर अंबरनाथचं, पण पलीकडं हाकेच्या अंतरावर उल्हासनगरचा पाच नंबर कॅम्प. तिथं जीन्सचे कारखाने. वडील इथल्या सरकारी फॅक्टरीतून रिटायर झालेले, दादा एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत, मी कॉलेजात मराठी घेऊन एमए करणारी. वहिनी वांगणीच्या बाजूच्या एका खेड्यातली, दहावी झालेली. ती घरी बसून जीन्सचे धागे कापायची. शिवून आलेल्या पँटींना सगळीकडं दोरे लोंबत असतात, ते छोट्या कात्रीनं साफ करायचे — हे काम. सकाळी शेठचा माणूस रिक्षातून गठ्ठे टाकायचा. "भाभी, शाम तक चाहिए, आगे पार्टी खड़ी है," हे त्याचं रोजचं वाक्य. वहिनी त्याची हुबेहूब नक्कल करायची. दुपारपर्यंत तिची बोटं निळी झालेली असायची.

त्या निळ्या बोटांपायी सगळं सुरू झालं. वहिनीला वाचायचं वेड माहेरपासूनच. लग्न होऊन आली तेव्हा ट्रंकेत चार साड्या आणि बाकी फाटक्या दिवाळी अंकांची चळत. इथं आल्यावर मी वाचनालयाचं कार्ड काढलं आणि पुस्तकं आणायला लागले. एकदा पुस्तक परत करायला गेले तर ग्रंथपालांनी पानं उलटून माझ्यासमोर धरली — कोपऱ्याकोपऱ्यावर निळे अंगठे. पुस्तक भरून द्यावं लागलं. त्या दिवसापासून असं ठरलं, की दुपारी मी वाचायचं आणि तिनं धागे कापत ऐकायचं. रात्री हात घासून धुतले की ती गुपचूप पुढची पानं वाचून टाकायची आणि दुसऱ्या दिवशी काही माहीत नसल्यासारखा चेहरा करून बसायची. मला कळायचं. कारण दु:खाचा प्रसंग यायच्या आधीच तिची कात्री थांबलेली असायची.

ऐकताना ती गप्प बसणारी नव्हती. "हा नवरा काय बोलत का नाय? तोंडात विमल कोंबलंय का?" असं मध्येच म्हणायची. लांबलचक निसर्गवर्णन आलं की, "ते डोंगर राहू दे, मी डोंगराखालचीच हाय. माणसांवर ये." एखादा लेखक तिच्या मनातून उतरला की उतरला. मी कॉलेजात शिकलेल्या मोठमोठ्या शब्दांनी त्याची बाजू मांडायची आणि ती हसत म्हणायची, "वैशू, तुला आवडला का तुझ्या सरांना?" मी पान उलटून पुढं वाचायला लागायची. खरं सांगते, पुस्तक वाचणं म्हणजे काय हे मला तिनं शिकवलं. माझ्या परीक्षेच्या पेपरात सरांना जे आवडायचं, त्यातलं बरंचसं त्या दुपारचंच होतं.

आमची दोघींची एक लेखिका होती. तिचं नाव नको. आम्ही तिला नुसतं 'बाई' म्हणायचो, जशी शाळेतली बाई असते तशी. फार गाजलेली नव्हती, पण तिची कथा वाचून झाली की वहिनी मान खाली घालून नुसती कात्री चालवत राहायची. आणि वहिनीला गप्प करणारं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

त्या बाई बदलापूर गावात व्याख्यानाला येणार असं कळलं, तेव्हा वहिनीनं शेठच्या माणसाला पहिल्यांदा गठ्ठा परत पाठवला. आम्ही शेअर रिक्षानं गेलो. हॉल भरलेला, आम्हाला मागं जागा मिळाली. बाई ठेंगण्या, सुती साडी, बोलताना हातातला रुमाल उलगडायच्या आणि पुन्हा घडी घालायच्या. वहिनी त्या रुमालाकडंच बघत बसली होती. शेवटी कुणाला काही विचारायचं आहे का, म्हणून माइक फिरायला लागला. दोन-तीन लोकांनी प्रश्न म्हणून भाषणं केली. तेवढ्यात वहिनीनं मला कोपरानं ढोसलं आणि कानात म्हणाली, "ती नणंद कुठं गेली, इचार ना."

बाईंची एक कथा आहे. एक मुलगी लग्न होऊन रेल्वेच्या क्वार्टरमध्ये येते. पहिल्याच पानावर तिची लहान नणंद उंबऱ्यात बसून चिंचा खात असते. पुढं सासू, नवरा, भांडणं, मुलं, म्हातारपण — सगळं येतं, आणि ती नणंद पुन्हा कुठंच येत नाही. लग्न होऊन गेली म्हणून नाही, मेली म्हणून नाही. मी ती कथा किती वेळा वाचली होती, माझ्या ते कधी डोक्यातही आलं नव्हतं. वहिनी मात्र कित्येक दिवस म्हणायची, "पोरीला उंबऱ्यात बसवलंन आन् विसरली बघ."

मी म्हटलं, तूच विचार. ती म्हणाली, "मना लाज वाटते गो. तू चांगलं बोलतेस." मग मी उठले. चांगल्या, पुस्तकी मराठीत तो प्रश्न विचारला.

बाई थांबल्या. रुमालाची घडी तशीच राहिली. मग म्हणाल्या, "अगं बाई, मी तिला उंबऱ्यातच विसरून आले की." हॉल हसला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नाही, तुमच्या कसं लक्षात आलं? आणि मी — इतक्या सहज, की मलाच कळलं नाही — म्हटलं, "वाचता वाचता आलं, बाई."

टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात वहिनीनं वाजवल्या. परतताना रिक्षात ती इतकी खूश होती, जणू तिच्या घरच्या कुणाचा तरी सत्कार झाला होता. तिचं काही चोरलंय असं तिला वाटलंच नव्हतं, कारण तिनं ते मला दिलं होतं. हे मी तुम्हाला इथंच स्पष्ट सांगून ठेवते. बदलापूरबद्दल मला स्वतःला माफ करता येतं. पुढच्याबद्दल नाही.

त्या प्रश्नानं माझं नशीब उघडलं. त्या दिवशी हॉलमध्ये आमच्या अंबरनाथची व्याख्यानं भरवणाऱ्या मंडळाचे कार्यवाह होते — फॅक्टरीतले रिटायर्ड ऑफिसर, कडक गृहस्थ. त्यांनी मला मंडळात घेतलं. पाहुण्यांना आणणं, परिचय लिहिणं, आभार मानणं अशी कामं माझ्याकडं आली. लेखक मला नावानं ओळखायला लागले. एक जण तर कार्यक्रम संपल्यावर म्हणाले, "तुम्ही लिहीत का नाही?" ते वाक्य मी वर्षभर पुरवून पुरवून खाल्लं. मंडळातल्या डॉक्टरीणबाई, प्राध्यापक, वकील यांच्यात मी उठबस करायला लागले, आणि माझं बोलणं बदललं. घरात 'व्हतं', 'नाय' म्हणणारी मी, तिथं एकेक शब्द धुऊन, पुसून वापरायची. आमची वस्ती कुठली, आडनाव काय, हे विचारताना लोकांच्या भुवया जरा हलतात ना — त्या हलायच्या आत आपण काहीतरी छान बोलून टाकायचं, ही माझी युक्ती.

मग मंडळानं बाईंना बोलावलं. फोनवर त्यांनीच कार्यवाहांना विचारलं म्हणे, "बदलापूरला नणंदेबद्दल विचारणारी मुलगी तुमच्याकडचीच ना?" आमच्याकडची रीत अशी, की पाहुण्याचं जेवण हॉटेलात नाही, मंडळातल्या कुणाच्या तरी घरी. नेहमी ते डॉक्टरीणबाईंकडं व्हायचं. या वेळी कार्यवाह म्हणाले, "बाईंना तुमच्याच घरी आवडेल."

आमच्या घरी. तुम्हाला कळतंय का, याचा अर्थ काय? वडिलांनी भिंतीवरच्या तसबिरी पुसल्या, बाहेरच्या खोलीला चुना लावला, दादाला नवीन शर्ट घ्यायला लावला. ते सारखे म्हणत होते, "शिकलेली माणसं आपल्या ताटात जेवायला येणार." आणि वहिनी — वहिनीनं आठवडाभर आधीच पिस्ता रंगाची साडी इस्त्री करून ठेवली. म्हणाली, "ह्या खेपेला मी विचारणार. मी सोता." काय विचारणार, हे मला सांगेना. "बाईंनाच सांगीन," एवढंच. धागे कापता कापता ओठ हलायचे तिचे, पाठ करत असल्यासारखे.

मी तिला म्हणायला हवं होतं, की वा. मी काय केलं? मला घाम फुटला. सगळ्या मंडळासमोर, पहिल्या रांगेतून, माइकवर वहिनी 'इचारते' म्हणणार. लोक म्हणणार, ही वैशालीची वहिनी. आणि त्यातून जर बदलापूरचं निघालं तर? वहिनी भोळी. अगदी कौतुकानं, हसत हसत ती म्हणून गेली असती — तो प्रश्न मीच सांगितला होता हिला.

कार्यक्रम रविवारी सकाळी होता, जेवण दुपारी. वहिनीचा बेत साधा. पहाटे उठून वालाचं बिरडं, बोंबील, सोलकढी करायची, भाकऱ्या थापून फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि माझ्याबरोबर हॉलवर यायचं. आदल्या दिवशी मी म्हटलं, "बाईंना काय थंड भाकरी वाढणार?" एवढंच म्हटलं. पुढचं तिच्यावर सोडलं. तिनं पिठाच्या डब्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "हां, ता बी खरंच." भाकरी गरम हवी म्हणजे कुणीतरी घरी हवं, आणि ते कुणीतरी कोण, हे आमच्या घरात कधीच विचारावं लागत नव्हतं. सकाळी मी निघाले तेव्हा ती पीठ चाळत होती. "बाई काय काय बोलल्या ते नीट ध्यानात ठेव," म्हणाली. "आन् जेवताना मी विचारीनच."

तेवढ्यावर थांबले असते, तरी आज मी हे लिहीत नसते.

बाई आल्या. हात धुऊन थेट जमिनीवर मांडलेल्या पाटावर बसल्या. कार्यवाह, वडील, दादा, मी पंगतीला. वहिनी वाढत होती, पिस्ता रंगाच्या साडीत, पदर खोचलेला, निऱ्यांवर पिठाचे हात. बाई भाकरी मोडत माझ्याशी बोलत होत्या. ती नणंद माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणाल्या. तिच्यावर वेगळी कथा लिहितेय, म्हणाल्या. वहिनी तव्यावरची भाकरी घेऊन बाहेर आली होती, ते ऐकून तिथंच उभी राहिली. तिचा चेहरा कसा झाला होता, ते मी सांगू शकत नाही. मी पाहिलं, आणि लगेच ताटात बघितलं.

बाईंनी मान वर केली. तिला म्हणाल्या, "आणि तुम्ही? तुम्हीसुद्धा वाचता का हिच्यासारखं?"

वहिनीनं पदराला हात पुसला. तोंड उघडलं. तिच्या ओठांवर तो प्रश्न आलेला मला दिसला — आठवडाभर घोकलेला.

आणि मी म्हटलं, "नाही हो बाई, वहिनीला वाचनाची आवड नाही. तिचं सगळं लक्ष स्वयंपाकात."

हे ते. हे सांगायला इतकी पानं लागली.

बाई म्हणाल्या, तेही हवंच की, आणि बिरड्याचं मनापासून कौतुक केलं. कार्यवाह हसले. वडिलांना यात काही वावगं वाटलं नाही, त्यांना सून सुगरण आहे हे सांगितल्याचा आनंदच झाला असेल. दादानं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि तो बोंबलाचा काटा काढत बसला. रोज दुपारी आमचा आवाज भिंतीपलीकडं ऐकणारं घर ते. कुणीही काही बोललं नाही. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, त्याचं मी काहीतरी करू शकले असते. नुसतं पाहिलं, ही असं का म्हणतेय ते तिला कळत नव्हतं म्हणून. मग कळलं बहुतेक. "भाकरी आणते गरम," म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर ती बाहेर आली ती फक्त वाढायला. जाताना बाईंनी तिला हाक मारून तिचा हात हातात घेतला. वहिनी लाजली, वाकून पाया पडायला गेली. बाईंनी पडू दिलं नाही. त्या शिवमंदिर बघायला निघाल्या, मी बरोबर गेले. देवळाच्या दगडांवरून हात फिरवत त्या माझ्याशी कथेबद्दल बोलत होत्या आणि मी शहाण्यासारखी माना डोलवत होते. ज्या लेखिकेला बघण्यासाठी मी बदलापूरला मागच्या रांगेत मान उंच करून बसले होते, ती एकटी माझ्याबरोबर चालत होती — आणि माझं कशातच लक्ष नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गठ्ठा आला. मी पुस्तक घेऊन बसले. वहिनी म्हणाली, "आज राहू दे. रेडिओ लाव जरा." तिसऱ्या दिवशी म्हणाली, तुझा घसा बसलाय. मग तुझी परीक्षा आहे. मग मीच पुस्तक घेऊन बसायचं सोडलं. बाकी कशात फरक नाही. चहा तसाच, शेठच्या माणसाची नक्कल तशीच, माझ्या केसांना तेल लावणं तसंच. माझ्या लग्नात सगळ्यांत जास्त तीच राबली, सगळ्यांत जास्त तीच रडली. फक्त एकही पुस्तक आमच्या दोघींच्या मध्ये पुन्हा आलं नाही. वाचत मात्र होती. दादा कार्डावर पुस्तकं आणायचा तिला, पिशवीत घालून. मी माहेरी गेले की ती पिशवी कपाटात असायची.

तिला बाईंना काय विचारायचं होतं, हे मला कधीच कळलं नाही. किती प्रश्न मी स्वतःशी रचून पाहिले, बाईंची सगळी पुस्तकं पुन्हा चाळली, वहिनी कुठं थांबली असेल म्हणून. मला एकही असा सापडला नाही, की जो तिचा वाटावा. त्या दुपारी परत मिळाव्यात असं इतकं वाटतं, इतकं वाटतं — आणि कुणाजवळ बोलणार?

यानंतरही मला एकदा संधी मिळाली होती. तिचं मी काय केलं तेही सांगते.

बाईंचा तो कथासंग्रह आला. त्यात नणंदेची कथा होती, आणि सुरुवातीला बाईंनी लिहिलं होतं की ही कथा एका तरुण वाचक मुलीच्या प्रश्नातून सुचली. वडील ते पान येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे. पुढं एक-दोन वर्षांत बाई गेल्या. अंबरनाथच्या त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली आणि बोलायला अर्थातच मला सांगितलं. मी उभी राहिले आणि पाहिलं — शेवटच्या रांगेत वहिनी. कुणी बोलावलं नव्हतं तिला. आपली आपण आली होती, पिशवी मांडीवर घेऊन.

एक वाक्य बोलायचं होतं. तो प्रश्न माझा नव्हता, एवढंच. बाई आता नव्हत्या, कुणाचं काही बिघडणार नव्हतं. उलट लोकांनी माझ्याच मोठेपणाचं कौतुक केलं असतं. मी वहिनीकडं बघत होते आणि बोलत होते, आणि माझ्या तोंडून बदलापूरची सगळी हकिगत आली — रुमाल, उंबरा, चिंचा — आणि "तेव्हा मी बाईंना विचारलं" हेच आलं. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, पण वाजल्या. वहिनीनं वाजवल्या का, हे मी पाहिलं नाही. रिक्षात आम्ही शेजारी शेजारी बसून माहेरी आलो. शिवमंदिराचं वळण गेल्यावर ती म्हणाली, "छान बोललीस." मी म्हटलं, "हो का?"

म्हटलं, 'हो का'. आणखी काय पुरावा हवा माणसाला स्वतःबद्दल?

कुणी म्हणेल, वय लहान होतं. शोकसभेच्या वेळी मी लहान नव्हते, एका मुलाची आई होते. कुणी म्हणेल, आपल्यासारख्या घरातून वर यायचं तर असं थोडं होतंच. वर येताना मी पाय कुणाच्या खांद्यावर ठेवला, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती खाली वाकली होती तेही माझ्यासाठीच. ती नणंद कुठं गेली, हे तिला का विचारावंसं वाटलं असेल? त्या कथेतल्या नणंदेचं इतर कुणालाच काही पडलेलं नव्हतं. बाईंनासुद्धा.

आता दादा-वहिनी वांगणीला राहतात. तिकडं नवीन इमारती झाल्या, स्वस्तात दोन खोल्या मिळाल्या. जीन्सचे गठ्ठे तिथवर येत नाहीत, वहिनी साड्यांना फॉल लावून देते. मध्यंतरी मी न कळवता गेले. दार उघडंच होतं. वहिनी खिडकीपाशी फॉल लावत बसली होती आणि माझी भाची मोठ्यानं वाचत होती. मी दारातच उभी राहिले. वहिनी मध्येच म्हणाली, "थांब थांब. हा म्हातारा खोटं बोलतोय. तुला नाय वाटत?" भाची म्हणाली, नाही वाटत. दोघींची जुंपली. किती वर्षांनी मी तो आवाज ऐकत होते — तसाच, तस्साच. पुढचं पान काय म्हणतंय ते मला ऐकायचं होतं. वहिनी काय म्हणतेय ते ऐकायचं होतं.

भाचीनं मला पाहिलं. "आत्या! ये ना, बस. भारी चाललंय. आई, पुढं वाचू ना?"

वहिनी उठली. हसून पुढं आली, माझ्या हातातली पिशवी घेतली. भाचीला म्हणाली, "नको, ठेव ते आता. आत्याला कंटाळा येईल."

टोमणा नव्हता त्यात. मी तिला चांगली ओळखते, ती टोमणे मारत नाही. आलेल्या माणसाची काळजी घेत होती ती. भाचीनं पुस्तक मिटून आत नेऊन ठेवलं आणि वहिनीनं चहा टाकला. मग आम्ही वडिलांच्या गुडघ्यांबद्दल बोललो, पाण्याच्या टाइमाबद्दल बोललो, आणि अंधार पडायच्या आत मी निघाले.